घोडेगावात खपलेली एक प्रत

घोडेगावच्या एसटी स्टँडसमोर मच्छिंद्रचं इंटरनेट सेंटर होतं. गाळा अरुंद, कॉम्प्युटर पाच, खुर्च्या सात. सकाळी तिथे तहसील कचेरीचे अर्ज टाइप व्हायचे, जूनमध्ये दहावीचे निकाल छापून मिळायचे, आणि संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की पहिल्या नंबरच्या कॉम्प्युटरवर तलवारी उपसल्या जायच्या.

मच्छिंद्र मूळचा बोरी बुद्रुकचा. वडील यमाजी मेंढरं राखायचे, थोरल्या भावाने शेती धरली होती, आणि मच्छिंद्रने या दोन्हींपासून अंग काढून घेतलं होतं. लहानपणी दिवाळी झाली की मेंढरांबरोबर तो माळशेज घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाच्या तोंडाशी परत यायचा. शाळा मध्ये मध्ये व्हायची. पुढे मंचरला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि बसूनच करायचं काम शोधलं. तरी त्याला खेळ आवडला तो चालण्याचा. ‘एल्डमोर’ नावाच्या त्या खेळात एक माणूस डोंगरदऱ्यांतून गावोगाव हिंडतो, लोकांची कामं करतो, वाटेत लढतो, आणि जे करील त्यावर त्याची ताकद, अब्रू आणि शत्रू वाढत जातात. तो माणूस म्हणजे आपण, असं धरून खेळायचं. आयुष्याची सुरुवातीची वर्षं पायी काढलेल्या माणसाने पुन्हा हेच का करावं, असं बायकोने विचारलं तेव्हा मच्छिंद्र म्हणाला, “ह्यात पाय दुखत न्हाईत.”

पहिला भाग त्याच्याकडे २००३च्या सुमाराला आला. खेळ सुरू करताना आपल्या माणसाचं नाव टाइप करावं लागतं. त्या दिवशी नेमका चहावाला जानकू ग्लास गोळा करायला आला होता. नाव पडलं जानकू.

पंचाईत अशी की त्या नावाचा एकच वीर, आणि खेळायला सगळा गाव. प्रत्येकाने वेगळा वीर काढावा, असं खेळ बनवणाऱ्यांनी ठरवलं असणार. घोडेगावात ते कुणाला सुचलंही नाही. सामाईक विहिरीवर जशी पाण्याची पाळी लागते, तशी जानकूची पाळी लागली. सोमवारी ज्याने त्याला जंगलात सोडला, त्याच्या पुढच्याने मंगळवारी तिथूनच उचलायचा. नियम दोन. भारनियमनाची वेळ जवळ आली की खेळ जतन करायचा, आणि तलवार विकायची तर सगळ्यांना विचारून. पहिला नियम सगळ्यांनी पाळला. दुसऱ्यावरून दोनदा हातघाईची वेळ आली.

खरा जानकू चहा द्यायला यायचा तेव्हा स्वतःची खुशाली विचारायचा.

“मच्छिंद्रभाऊ, कुठं हाय मी?”

“दलदलीत.”

“कालपण दलदलीतच व्हतो की.”

“काल संपतची पाळी व्हती.”

संपत म्हणजे पिंपरी पेंढारचा. घरची बागायत भाऊ बघायचे, हा पंचायत समितीत कंत्राटावर डेटा भरायचा आणि घोडेगावातच खोली घेऊन राहायचा. मच्छिंद्रच्याच वयाचा, बोलायला त्याच्यापेक्षा तेज. दोघांचं पटत नसे, म्हणून दोघं रोज भेटत.

खेळाची गोष्ट थोडक्यात अशी. राजाचा खून होतो आणि आळ जानकूवर येतो. पहिला भाग पळण्यात जातो. दुसऱ्या भागात पुरावे गोळा करायचे असतात, आणि तो संपतो भर दरबारात. खून डोळ्यांनी पाहिलेली म्हातारी साक्षीला उभी राहते, तोंड उघडते आणि पडदा काळा होतो. म्हातारी काय बोलली ते तिसऱ्या भागात कळणार होतं. तालुक्याच्या गावात कोर्ट असल्यामुळे पुढची तारीख पडण्याची लोकांना सवय होती. त्यात कुणाला काही खटकलं नाही.

दुसरा भाग २००६च्या अखेरीस निघाला, तेव्हा मच्छिंद्रने ठरवलं की या वेळी अस्सल आणायचा. पहिला भाग कुठून आला ते कुणी विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. यात्रेला काढतात तशी वर्गणी काढली. चौतीस जणांनी दिली, जानकूने चहात वळती केली, आणि मच्छिंद्र पहाटेच्या एसटीने पुण्याला जाऊन बॉक्स घेऊन आला. आत चकती, जाड कागदावरचा नकाशा आणि त्या प्रतीपुरता क्रमांक छापलेलं कार्ड. नकाशा त्याने भिंतीवर लावला. शेजारी, यात्रेच्या फलकावर लावतात तशी, वर्गणीदारांची नावं लावली.

संपतला दुसरा भाग पहिल्याच आठवड्यात नापसंत पडला.

“डोक्यावर बाण दावलाय, राव. हिकडं जा, तिकडं जा. पहिल्यात वाट चुकायची मजा व्हती.”

“तुला वाट चुकायची मजा, आमाला तुला शोधायचा ताप,” मच्छिंद्र म्हणाला.

“आणि घोडा दिलाय. घोड्यावर बसून माणूस काय बघणार?”

“दलदल तरी बघायची न्हाई.”

मच्छिंद्रला दुसरा भाग मनापासून आवडला होता. खेळ हळूहळू चढतो, असं त्याचं म्हणणं. संपतचं म्हणणं, चढणारा खेळ पहिल्याच तासाला कळतो. हा वाद जानेवारीपर्यंत चालला आणि तसाच चालू राहिला असता, पण जानेवारीत बातमी आली.

बातमी मच्छिंद्रने इंटरनेटवर वाचली. ‘एल्डमोर’च्या चाहत्यांचं तिथे एक चर्चेचं ठिकाण होतं. जगभरातली माणसं टोपणनावांनी लिहायची. मच्छिंद्र रोज वाचायचा आणि अधूनमधून लिहायचा. त्याचं इंग्रजी बारावीपुरतं होतं. बायको सुप्रिया इंग्रजी घेऊन बी.ए. झाली होती, ती दुपारी डबा घेऊन आली की त्याचा मजकूर दुरुस्त करायची. पहिल्या भागातल्या दलदलीतून बाहेर कसं पडावं, यावर त्याने असा सविस्तर मजकूर लिहिला होता की एक नॉर्वेचा माणूस त्याला गुरुजी म्हणत असे. बोरीत तो शिकून मेंढरं सोडलेला पोरगा होता आणि घोडेगावात टायपिंगवाला. गुरुजी फक्त तिथे.

बातमी अशी होती की दुसऱ्या भागाची विक्री कंपनीच्या अंदाजाच्या निम्म्यावरही गेली नव्हती. तिसरा भाग काढायचा की नाही, याचा निर्णय उन्हाळ्यात होणार होता.

त्या रात्रीपासून चाहत्यांमध्ये जुंपली. एकाने लिहिलं, नाताळच्या तोंडावर बाजारात आणला, मोठ्या खेळांखाली चिरडला. दुसऱ्याने लिहिलं, बाणाने घात केला. तिसऱ्याच्या मते नायकाची दाढी काढली तिथेच सगळं संपलं होतं. चौथा प्रत्येकाला उत्तर द्यायचा की चोरून खेळणारे आहेत तोवर कुठल्याच दाढीचा उपयोग नाही. मच्छिंद्र हे सगळं संध्याकाळी मराठीत सांगायचा आणि गाळ्यात त्याचा दुसरा प्रयोग व्हायचा.

“नारायणगावला टोमॅटोचं काय व्हतं?” संपत म्हणायचा. “पहिल्या तोड्याला भाव मिळाला म्हणून सगळे दुसऱ्या तोड्यावर आशा लावून बसतात. माल तोच, पण गिऱ्हाईकाचं त्वांड बदललेलं असतं.”

“गेम म्हंजे टोमॅटो न्हाई.”

“मग सडला कसा?”

जानकूने एवढंच विचारलं, “तिसरा न्हाई निघाला तर माझ्या केसचं काय?”

त्या प्रश्नाने मच्छिंद्रला चैन पडेना. म्हातारी काय बोलणार होती, यावर त्याने आजवर निरनिराळे तीन तर्क बांधले होते आणि तिन्ही सुप्रियाकडून इंग्रजीत करून घेतले होते. तर्क खोटा ठरला तर चालेल, पण ठरला पाहिजे, अशी त्याची अवस्था होती.

फेब्रुवारीत एक वाट निघाली. ‘ओल्डबूट’ या टोपणनावाच्या जुन्या चाहत्याने मोजणी सुरू केली. ज्याच्याकडे दुसरा भाग आहे त्याने आपलं नाव, गाव आणि कार्डावरचा क्रमांक नोंदवायचा. एकनिष्ठ चाहते किती आहेत ते कंपनीला दाखवायचं, म्हणजे तिसऱ्या भागाला जोर येईल. जमलं तर फोटोही द्यावा.

मच्छिंद्रने हे काम अंगावर घेतलं. रविवारी वर्गणीदारांना गोळा केलं. क्रिकेटच्या स्पर्धेनंतर काढतात तसा गाळ्यासमोर फोटो काढला. मागे उभे, मध्ये खुर्च्यांवर, पुढे मांडी घालून. ढालीच्या जागी बॉक्स, तो जानकूच्या हातात. संपतने फोटोत उभं राहायला आढेवेढे घेतले.

“मला आवडलेला न्हाई, मी कशाला?”

“वर्गणी दिलीस का न्हाई?”

“दिली.”

“मग उभा ऱ्हा.”

तो उभा राहिला, पण कॅमेऱ्याकडे न बघता.

संध्याकाळी मच्छिंद्रने बसून चौतीस नोंदी केल्या. चौतीस नावं, गाव एक, आणि प्रत्येकासमोर कार्डावरचा तोच क्रमांक. एका नावाला क्रमांक द्यावा आणि तेहेतिसांना देऊ नये, हे त्याला अन्यायाचं वाटलं. वर्गणी सगळ्यांनी सारखी दिली होती. फोटोखाली त्याने लिहिलं की एवढ्याशा गावात दुसऱ्या भागाचे चौतीस खेळाडू आहेत, आणि विक्री पडली म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. सुप्रिया त्या दिवशी माहेरी होती, त्यामुळे हा मजकूर दुरुस्तीविना गेला. नोंदी दुरुस्त करायला तिला सुचलं असतं का, हा प्रश्न पुढे दोघांत बरेच दिवस राहिला.

लोकांनी विचार केला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडून मच्छिंद्रने पाहिलं तर फोटोखाली उत्तरांची रांग लागली होती. दाढीवाला, बाणवाला, नाताळवाला असे महिनाभर एकमेकांचं तोंड न बघणारे सगळे एका सुरात बोलत होते. विक्री का पडली याचं उत्तर मिळालं आहे, ते या फोटोत आहे, बॉक्स मोजा आणि डोकी मोजा. कुणीतरी बॉक्सभोवती लाल गोल काढला होता. जानकूच्या चेहऱ्याभोवतीही अर्धा गोल आला होता. ओल्डबूटने चौतीसच्या चौतीस नोंदी काढून टाकल्या आणि सभ्य शब्दांत लिहिलं की मोजणी खरी राहावी म्हणून हे करावं लागत आहे. नॉर्वेवाल्याने काहीच लिहिलं नव्हतं. मच्छिंद्रला ते सगळ्यात जास्त लागलं.

संपतने ते वाचलं आणि खुर्ची ओढून आरामात बसला.

“म्हंजे बाणानं न्हाई, घोड्यानं न्हाई. आपण बुडवली कंपनी.”

“गप ऱ्हा.”

“न्हाई, मी म्हणतो लई मोठं काम झालं. पिंपरी पेंढारच्या माणसाचा अमेरिकेत हात पोचला.”

“वर्गणी काढली नसती तर एकपण घेतला नसता कुणी. चोरून आणला असता. आमी इकत आणला, संपत. मी सोता उभ्यानं गेलो व्हतो पुण्याला.”

“मला काय सांगतो? त्यांना सांग.”

त्याच आठवड्यात यमाजी दाखल्याचा अर्ज टाइप करून घ्यायला घोडेगावात आले. मुलाचा चेहरा उतरलेला दिसला म्हणून विचारलं. मच्छिंद्रने सांगितलं आणि मेंढरांच्या भाषेत सांगितलं, म्हणजे त्यांना कळेल.

यमाजींनी ऐकून घेतलं. “आपल्या मेंढरांत पाच घरची जनावरं हायेत. रानात खतासाठी बसवायला बोलावतो तो गडी मेंढरं मोजतो. मालक मोजत न्हाई.”

“म्हंजे माझं चुकलं?”

“तुझं चुकलं असं कुठं म्हणलं? तू मालक मोजून दाखवलेस. त्यांनी मेंढरू मोजलं.” मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. जानकू बर्फाच्या डोंगरावर उभा होता. “ह्याच्या अंगावर घोंगडं न्हाई. एवढ्या थंडीत कशाला न्हेलाय?”

“ती पाळी संपतची व्हती,” मच्छिंद्र म्हणाला.

सुप्रिया माहेरहून परतली. तिने नोंदी वाचल्या, उत्तरं वाचली, फोटो नीट पाहिला.

“सगळ्यांनी केस विंचरलेत,” ती म्हणाली. “तुम्ही सोडून.”

“ते ऱ्हाऊ दे. उत्तर काय देऊ?”

“संपतभाऊजींना जे सांगितलं तेच द्या. वर्गणी म्हणजे काय ते लिहा.”

वर्गणी या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द सापडेना. जो सापडला त्याने मासिकाच्या वार्षिक वर्गणीचा बोध व्हायचा. शेवटी तिने बैलगाड्याचं उदाहरण घातलं. आमच्याकडे शर्यतीच्या गाड्याला चार बैल असतात, चार घरचे असतात, आणि गाडा चौघांचाही असतो. पाव गाडा पळत नाही. आम्ही चोरी केली नाही. एक प्रत घेतली, एका कॉम्प्युटरवर घातली, आणि एकाच वीराला पाळीने चालवतो. आम्ही वर्गणी काढली नसती तर घोडेगावातला आकडा चौतीस झाला नसता, शून्य झाला असता. एवढंच लिहून मच्छिंद्रने खाली स्वतःचं खरं नाव घातलं.

त्याने वाद मिटला नाही, दोन तुकडे झाले. एका बाजूचं म्हणणं, तेहेतीस गिऱ्हाइकं गेली. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, एक आलं. चाहत्यांच्या त्या जागेवर एवढा लांब वाद पूर्वी झाला नव्हता. जर्मनीच्या एकाने लिहिलं की लहानपणी तो आणि त्याचे भाऊ असंच खेळायचे, मग ते गुन्हेगार का? चौथ्याने, म्हणजे चोरीवाल्याने, उत्तर दिलं की होय. नॉर्वेवाला शेवटी बोलला. त्याने वादाबद्दल काही लिहिलं नाही. एका वीराला चौतीस माणसं चालवतात तर तो दलदलीत इतक्या वेळा का जातो ते आता कळलं, एवढंच लिहिलं आणि शेवटी गुरुजी म्हणाला. मच्छिंद्रने ते सुप्रियाला दोनदा वाचून दाखवलं.

ओल्डबूटने एक नोंद पुन्हा दाखल केली. यादीत घोडेगावासमोर एकचा आकडा आला.

एक हा आकडा मात्र संपतला खुपला. हे त्याने कबूल केलं नाही. तो म्हणाला, “माझा ह्या खेळाशी संबंध न्हाई. पण आळेफाट्याचा कोणी उद्या दोन लिहील, मग तोंड कुठं दाखवणार?” आळेफाट्याला ‘एल्डमोर’ खेळणारं कुणी असल्याची माहिती कुणालाच नव्हती. तरी पुन्हा वर्गणी निघाली, आणि या वेळी पुण्याला संपत गेला. दुकानदाराने हा माल पडला आहे म्हणून किंमत उतरवली होती. संपतने त्याला तिथेच सुनावलं की पडलेला नाही, लोकांना कळला नाही. हे त्याने घोडेगावात सांगितलं नसतं. बरोबर गेलेल्या एका वर्गणीदाराने सांगितलं.

दुसरी प्रत आली आणि दुसरा घोटाळा झाला. आता दोन कॉम्प्युटरांवर खेळ, म्हणजे दोन वीर. जानकूची वाटणी करायची वेळ आली. तलवार कुणाकडे, घोडा कुणाकडे, जमवलेले पुरावे कुणाकडे? पुरावे दोन्हीकडे हवेत यावर एकमत झालं, बाकी कशावर झालं नाही. जानकूने दोन्हीकडे आपलंच नाव ठेवायला परवानगी दिली, पण एका अटीवर: एकाने तरी दलदलीत जायचं नाही. मच्छिंद्रने यादीत दुसरी नोंद केली. खाली सुप्रियाच्या सल्ल्याविरुद्ध लिहिलं की घोडेगावात दुसऱ्या भागाची विक्री महिन्यात दुपटीवर गेली आहे आणि कंपनीने याची दखल घ्यावी.

कंपनीचा निर्णय मे महिन्यात आला. चाहत्यांचे आभार मानले होते, मोजणीचं कौतुक केलं होतं. तिसरा भाग निघणार नव्हता. कथा पुढे काय होती तेही सांगणार नव्हते, कारण ती लिहिलीच नव्हती. म्हातारी काय बोलणार हे तिच्या मालकांनाही माहीत नव्हतं.

मच्छिंद्रने ते दुपारी वाचलं. पाळीवाले यायला वेळ होता. त्याने एकाचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाइप केला, त्यात गावाचं नाव चुकवलं, पुन्हा केला. चाहत्यांच्या जागेवर लोक निरोप घेत होते. त्यालाही लिहावंसं वाटलं, पण गुरुजींनी काय लिहायचं असतं ते सुचलं नाही. त्याने फक्त आपले तीन तर्क काढले, वाचले, आणि तिसरा बरोबर होता असं स्वतःपुरतं ठरवून टाकलं.

संध्याकाळी सगळे आले तेव्हा त्याने सरळ सांगितलं.

जानकू हातात ग्लास घेऊन उभा राहिला. “म्हंजे मी सुटलो का अडकलो?”

“काय न्हाई झालं,” मच्छिंद्र म्हणाला. “निकालच न्हाई.”

“पण मी मारला न्हाई त्याला.”

“आमाला ठाव हाय.”

“तुमाला असून काय उपेग?” जानकूने ग्लास खाली ठेवले. कुणीतरी पैसे देऊ लागला तर त्याने हाताने थांबवलं. उद्या घेईन म्हणाला. एवढा तो आजवर कधी बिघडला नव्हता.

संपत भिंतीवरचा नकाशा बघत होता. बराच वेळ कुणी पाळीला बसेना. मच्छिंद्रला वाटलं, आता हा म्हणणार की मी आधीच सांगितलं होतं, आणि आज त्याला ते म्हणू द्यावं.

“निघाला असता तरी पडलाच असता,” संपत म्हणाला.

मच्छिंद्रने अर्ज बाजूला ठेवला. खुर्ची त्याच्याकडे फिरवली.

“का? का पडला असता?”

“दुसऱ्यात घोडा दिला. तिसऱ्यात ह्यांनी पंखच दिले असते.”

“कुणी सांगितलं पंख? तिसरा सगळा दरबारात व्हणार व्हता. चालायचंच नव्हतं.”

“मग तर लईच पडला असता.”

जानकूने रिकामे ग्लास उचलले होते, ते परत टेबलावर ठेवले. “दरबारात म्हंजे माझी साक्ष आधी, का म्हातारीची?” त्याने विचारलं आणि सातवी खुर्ची ओढून घेतली.